भोंग्याला लावलेली गिटार

३ ऑगस्ट २०२५, रविवार

आज ऑनलाइन वर्गाला दहापैकी नऊ हजर. मेजर स्केल तिसऱ्यांदा शिकवली. या गिटारवाल्यांची बोटं पळतात नुसती — पण विचारलं, ही कॉर्ड कोणत्या सुरांची बनली, की सगळे छताकडे बघतात!

रुपाली नावाची एक नवीन आहे. कॅमेरा लावत नाही, बोलत नाही, फक्त टाइप करते. गृहपाठाचं रेकॉर्डिंग मात्र वेळेवर. वाजवते छान, पण गिटार उतरलेली. सहाही तारा आपसात चोख, आणि सगळ्याच सारख्या खाली. म्हटलं, ॲप उघड, गिटार नीट लाव. उत्तर आलं — "लावलेलीच आहे."

१० ऑगस्ट

पुन्हा तेवढीच खाली! केसभर इकडे नाही की तिकडे नाही. पुन्हा तेच उत्तर. हट्टी बाई आहे. सगळ्यांदेखत झाडणार होतो, पण जीभ आवरली. एकदा सुटली होती, तेवढं पुरे.

१२ ऑगस्ट

सकाळी तिचं रेकॉर्डिंग लावून माझी गिटार तिच्याइतकी उतरवली. बघू तरी म्हटलं. पाचवी तार छेडली आणि विजयश्री स्वयंपाकघरातून ओरडली, "अहो, भोंग्यासारखं काय वाजतंय? हा झाला की मी भात लावायचे!"

अंगावर काटाच आला. आमच्या कंपनीचा भोंगा! कंपनी बंद होऊन पंधरा वर्षं झाली, तिथे आता वीस मजली इमारती आहेत. पहिली शिफ्ट सुटताना तो चढत चढत जिथे स्थिर व्हायचा, तिथे आम्ही पाचवी तार लावायचो. आम्ही म्हणजे मी आणि रोहिदास. कँटीनमागे, उलट्या क्रेटवर बसून. ना शिक्षक, ना पुस्तक. भोंगा तेवढा फुकट! काय दिवस होते ते.

त्याच्या मुलीच्या बारशालाही आम्ही दोघांनीच वाजवलं होतं. तिचं नाव — रुपाली! इतके दिवस माझ्या डोक्यात कसं आलं नाही?

१५ ऑगस्ट

आज लिहूनच टाकतो.

९८ साली कंपनीच्या गणपतीत मी पुण्याहून सूर तपासायचा नवाकोरा ट्यूनर आणला होता. दोन इयत्ता जास्त शिकल्यासारखा मिरवत होतो. स्टेजवर रोहिदासच्या गिटारीला तो लावला, हिरवा दिवा लागेना. मी म्हणालो, "तुझी गिटार खोटी वाजते राव." माईक चालू होता. तिन्ही शिफ्टची माणसं हसली.

तो एवढंच म्हणाला, "भोंगा खोटा? सहाशे मानसं त्याच्यावर उठत्यात-बसत्यात." गिटार खोळीत घातली आणि खाली उतरला. पुढे चाकणला लागला. त्यानंतर एक शब्द नाही. मी तरी कुठे गेलो त्याच्या दारात? आकुर्डीला लोकलच्या फलाटावर एकदा दिसला होता, तर मीच पेपर तोंडासमोर धरला. लाज वाटते.

२४ ऑगस्ट

वडील कसे आहेत, एवढंच रुपालीला विचारायचं होतं. तोंड उघडलं आणि मायनर स्केल शिकवली. भित्रा!

३१ ऑगस्ट

खालच्या मांडवात आरती चालली होती. वर्ग सुरू व्हायच्या आधीच माझी गिटार भोंग्याला लावून बसलो. सगळ्यांना म्हणालो, "आज सगळ्यांनी तारा एवढ्या खाली आणा. रुपाली, तुझी बरोबर आहे. चूक माझी होती. सत्तावीस वर्षं झाली. वडिलांना सांग, उद्धवने माफी मागितलीय." आणि पाचवी तार छेडली.

मग रुपालीचा कॅमेरा पहिल्यांदाच लागला.

रुपाली नव्हतीच. पांढऱ्या मिशा, मांडीवर तीच जुनी गिटार. मान कलती करून माझी तार ऐकत होता.

"व्हय," रोहिदास म्हणाला, "आत्ता लागली बग तुजी."