श्रीपालला रोज उचलणाऱ्याच्या नावे

मी, नेमगोंडा आदगोंडा पाटील, वय ५७, हायस्कूलमध्ये कवायतीचा शिक्षक, राहणार राजारामपुरी, कोल्हापूर, पूर्ण शुद्धीत आणि कोणाच्याही दडपणाशिवाय हे लिहून ठेवतो. माझे हृदय वाढले आहे. डॉक्टरांनी दहा किलोंपेक्षा जड उचलायला मनाई केली आहे. माझा मुलगा श्रीपाल अठ्ठेचाळीस किलोंचा आहे. रोज सकाळी त्याला मीच उचलतो. परवा चौकटीशी हातातून सुटता सुटता राहिला.

१. सन १९७० मध्ये छाती दोन इंच कमी भरली म्हणून तो फौजेच्या भरतीतून परत आला. मी मागच्या खोलीत व्यायामाचे सामान मांडले: बार, ओतीव लोखंडाच्या चकत्या, डंबेल्सच्या दोन जोड्या, छातीची स्प्रिंग. सगळे पारखून घेतले. बाक तेवढा साधा करवला. सुतार म्हणाला, "गुरुजी, बार टेकवायला खांब नगोत व्हय?" मी म्हणालो, "मी उभा हाय की."

दिवाळीनंतर एका सकाळी श्रीपालने पंचेचाळीस किलो छातीवर घेतले होते. तेवढ्यात माझा धाकटा भाऊ भूपाल दारात येऊन शेताच्या बांधाच्या भांडणावरून ओरडू लागला. श्रीपाल म्हणाला, "जावा अण्णा, दोनदाच ऱ्हायलंय." मी गेलो. बार मानेवर आला, मणका मोडला. गळ्याखाली त्याला काही कळत नाही.

इतकी वर्षे मी भूपालला दोष दिला. चूक त्याची नव्हती, हे इथे लिहितो. तरी त्याला काहीही देऊ नये. "पोराला कुठंतरी संस्थेत टाका" असे तो माझी पत्नी रत्नाबाई, श्रीपालची अव्वा, हिच्यासमोर बोलला.

२. राहते घर रत्नाबाईच्या हयातीपर्यंत तिचे. तिच्याने श्रीपाल उचलवत नाही. म्हणून तिच्या मागे, जो त्याला रोज स्वतःच्या हातांनी उचलून खुर्चीत बसवत असेल, घर त्याचे. नाते, जात, गाव विचारू नये. जयसिंगपूरला दिलेली मुलगी अरुणा हिला विचारले. "अण्णा, सासरी माझं कोण ऐकतंय?" म्हणाली आणि रडली. तिला बोल लावू नये. दुसरे कोणी पुढे आलेले नाही. येईल असे वाटत नाही.

३. डंबेल्स व स्प्रिंग शाळेला. बार आणि चकत्या मागणाऱ्याने आधी खांबांचा बाक करून दाखवावा. जुना बाक फोडून बंबात घालावा.

४. काल श्रीपालला विचारले, "तुझ्यासाठी काय लिहू?"

"अव्वाच्या आधी मी जावं, एवढं लिवा."

वकील म्हणाले, असे कलम होत नाही. मी घातले आहे.

कोल्हापूर, ११ फेब्रुवारी १९७४
सही: ने. आ. पाटील

आमच्यासमक्ष सही केली:
१. गणपतराव ज्योतिराम माने, शेजारी
२. यज्ञेश्वर अंबादास कुलकर्णी, सहशिक्षक