कुंपणाआतल्या सात जणी

जबलपूर,
फेब्रुवारी १९७२

प्रिय विभा,

तुझं पत्र परवा आलं. भीमेकाठच्या उत्खननात तुम्हाला हजारो वर्षांपूर्वी रांजणात पुरलेलं तान्हं मूल सापडलं आणि त्या दिवशी तुला जेवण गेलं नाही, हे वाचून तुझी आई माझ्यावरच रागावली. "पोरीला हेच शिकवलं तुम्ही," म्हणाली. आणि संध्याकाळी तेच पत्र शेजारच्या हेमलताबाईंना दोनदा वाचून दाखवलं. रांजणाशेजारी आणखी एक छोटं भांडं ठेवलं होतं, दुधापाण्यासाठी असावं, असं तू लिहिलंस, तिथे आईचा आवाज थांबला. मी बाहेरच्या खोलीत पेपर पुढे धरून ऐकत होतो.

दिवाळीत मी तुला स्टेशनवर सोडायला आलो होतो. गाडीला उशीर होता. तू मला विचारलंस, "बाबा, तुम्ही कधीच कुठे जात नाही. काहून?" इतकी वर्षं पुण्याला राहून तुझी भाषा बदलली, पण तो "काहून" इथलाच निघाला. मी "बघू" म्हणालो. बापाच्या "बघू"चा अर्थ पोरांना कळतो. तू उठून गाडीची चौकशी करायला गेलीस. त्या प्रश्नाचं उत्तर तुला द्यायला हवं, म्हणून बसलो आहे. टेकडीवरच्या शेडांमध्ये काय आहे ते मी लिहिणार नाही, आणि खरं सांगायचं तर मला ते माहीतही नाही. माझ्या सात जणींबद्दल मात्र लिहितो. त्या कोणाच्या गुपितात मोडत नाहीत.

सतमैयाची बाग तुला आठवत असेलच. अधारतालच्या पुढे, नगर निगमने चिंचा आणि गुलमोहर लावलेली. रविवारी दारूगोळ्याच्या कारखान्यांतली कुटुंबं डबे घेऊन यायची. बाग साधीच होती, पण टेकडीच्या पोटाशी, कातळात, सप्तमातृका ओळीने बसलेल्या. हजारेक वर्षांपूर्वी कोणीतरी त्या जागच्या जागी कोरल्या. सुट्या मूर्ती असत्या तर गाडीत घालून संग्रहालयात नेल्या असत्या आणि मीही त्यांच्या मागोमाग कुठेतरी गेलो असतो. पण त्यांची पाठ टेकडीतच आहे. टेकडी जाईल तिकडे त्या जाणार, आणि टेकडी कुठे जात नाही.

तेव्हा पुरातत्त्व खात्यातलं माझं काम म्हणजे भांडण. तरुण जोडप्यांना नावं कोरू द्यायची नाहीत, पोरांना खांद्यावर चढू द्यायचं नाही, आणि खालच्या गावातल्या बायकांना तेल-शेंदूर लावू द्यायचा नाही. तेलाने दगड काळा पडतो, बारीक काम बुजतं, हे मी त्यांना समजावून थकलो. त्यांच्यात गेंदाबाई सगळ्यांत कडक. चौथ्या मातेच्या मांडीवर मूल आहे, तिला ती नेमाने शेंदूर फासायची. एकदा मी हात धरून थांबवलं तर म्हणाली, "साहब, तुम्हारी सरकार से पहले की है हमारी मैया." तू शेजारी उभी होतीस, माझा सदरा ओढत होतीस. तुला माझी लाज वाटली होती. मी लाकडी पाटी लावून घेतली: स्पर्श करू नये.

मग चीनचं युद्ध झालं. कारखाने रात्रंदिवस चालू लागले, जागा कमी पडू लागली, आणि एका सकाळी बागेभोवती खांब रोवायला सुरुवात झाली. आमच्या खात्याने पत्रव्यवहार केला. शेवटी असं ठरलं की पाहणीसाठी खात्याचा एकच माणूस आठवड्यातून एकदा आत जाईल. पास त्याच्या नावाचा. त्याच्या जागी दुसरा चालणार नाही, आणि त्याने काम सोडलं तर पास रद्द. तेव्हा आमचे साहेब होते बापूसाहेब. मला म्हणाले, "श्रीरंगराव, तूर्तास तुमचंच नाव देतो. पुढे बदलून घेऊ." मीही तूर्तासच सही केली. फोटो काढायचे नाहीत, काढलेली चित्रं कारखान्याच्याच कपाटात ठेवायची, घरी बोलायचं नाही, तणावाच्या काळात परवानगीशिवाय शहर सोडायचं नाही. तेव्हा यातलं काहीच जड वाटलं नाही. मला फक्त आत जायचं होतं.

फाटकावर काडेपेटी काढून द्यायची, खिसे दाखवायचे, मग बरोबर एक जवान. मी गुडघ्यावर बसून दगड पाहायचो आणि तो पाठीशी उभा. तिथे मी कधी एकटा नव्हतो, आणि कोणाच्या सोबतीलाही नव्हतो. तिथले सुरक्षा अधिकारी तिवारीजी. सज्जन माणूस, दरवेळी चहा पाजायचे, तुझी चौकशी करायचे. त्यांनी दांडगाई केली असती तर मला भांडता आलं असतं. ते नुसते म्हणायचे, "क्या करें, नियम है," आणि माझा चहा गार व्हायचा.

पासष्टच्या लढाईत अमरावतीला तुझी आजी, आईची आई, वारली. तुझी आई तुला घेऊन एकटीच गेली. मी परवानगी मागितली होती, ती येईपर्यंत तेरावं उरकलं होतं. मला काम आहे असंच तू तेव्हा समजलीस. तुझ्या आईने मला आजपर्यंत एका शब्दाने बोल लावला नाही. पण त्यानंतर माहेरच्या कुठल्याही कार्याचं बोलावणं आलं की ती ते मला न दाखवताच सांगते, "मी जाऊन येते." प्रश्न म्हणून नाही. ग्वाल्हेरच्या बढतीच्या वेळीही तिने विचारलं नाही. मी नाही म्हणून आलो, तिने पोळ्या लाटता लाटता ऐकलं, आणि गॅलरीतली बांधून ठेवलेली ट्रंक सोडून पुन्हा कपडे लावले.

त्याच सुमाराला टेकडीच्या पलीकडच्या अंगाला सुरुंग लावत होते. कातळाला वरून एक भेग होती. तिच्यावर मी काचेच्या पट्ट्या बसवल्या, दोन्ही टोकं सिमेंटमध्ये धरून. भेग केसभर हलली तरी काच तडकते. पुढच्या खेपेला गेलो तर सगळ्या तडकलेल्या. त्या दिवशी मी चहाला बसलो नाही. तुकडे रुमालात घेऊन तिवारीजींच्या टेबलावर ठेवले आणि म्हणालो, "आज काच है, कल मूर्ती होगी." काय खटपट केली कोण जाणे, पण सुरुंग थांबले. पुढचं काम त्यांनी छिन्नीने करून घेतलं. विभा, त्या दिवशी मी घरी चालत आलो. तुला इथल्याच गोरखपूर मोहल्ल्याच्या बाजारातून निळी शाई आणि रेशमी रिबीन आणली होती, आठवतं? आज काय आहे, असं तू विचारत होतीस. मला सांगता येत नव्हतं. माझ्या नोकरीतला सगळ्यांत मोठा दिवस, आणि मी तुला म्हणालो, सहज.

असा एक दिवस आला की माणूस पुढची कितीतरी वर्षं त्याच्यावर काढतो. मी नसतो तर त्या गेल्या असत्या, हे मला पक्कं कळलं. आणि एकदा हे कळल्यावर सुटकाच राहिली नाही. कोणी बदलीचं नाव काढलं की मला ती भेग दिसायची.

गावातल्या बायका मात्र बाहेरच राहिल्या. गेंदाबाई माझ्या वाराला तारेशी येऊन उभी राहायची. पहिल्यांदा पदराआडून पुडी काढून माझ्या हातात दिली तेव्हा तिने डोळे वर केले नाहीत. "बहू को दिन चढ़े हैं, साहब. मैया को लगा देना." मी, पाटी लावणारा माणूस, ती पुडी घेऊन आत गेलो. दगडाला शेंदूर लावला नाही, पायथ्याशी ठेवला. बाहेर आल्यावर तिने विचारलं, "लगाया?" मी हो म्हणालो. नातू झाला. मग पुड्या वाढल्या. फाटकावरचे जवान त्या उघडून हुंगून बघायचे आणि परत द्यायचे. शास्त्र शिकलेल्या तुला हे वाचून हसू येईल, पण त्या टेकडीवर आत-बाहेर करणारी एवढी एकच गोष्ट उरली होती, आणि ती माझ्या खिशातून जायची.

आता गेल्या डिसेंबरचं. लढाई सुरू झाली आणि सगळे पास बंद झाले, माझाही. दर आठवड्याला मी फाटकापर्यंत जायचो. जवान ओळखीचा होता, तो मान हलवायचा, मी परतायचो. तुझी आई म्हणायची, "काहून जाता? आत घेत नाहीत तर बाहेरून काय बघून राहिले?" लढाई संपल्यावरही कागद हलायला वेळ गेला. जानेवारीच्या शेवटी आत गेलो. घाईघाईत वर एक नवी शेड उभी राहिली होती. तिच्या टाकीचं सांडपाणी कोणीतरी जवळची वाट म्हणून खाली सोडून दिलं होतं. ते पाणी जुन्या भेगेतून उतरून थेट चौथीवर झिरपत होतं. कातळाने पापुद्रा धरला होता. मी नुसता बोटांचा मागचा भाग लावला, आणि तिचा चेहरा, कपाळापासून हनुवटीपर्यंत, एका तुकड्यात माझ्या हातात आला. मग हातातच त्याची माती झाली. मांडीवरचं मूल तसंच आहे. तिला तोंड नाही.

माझ्या पाठीशी उभा असलेला जवान नवा होता, कोवळा पोरगा. त्याने विचारलं, "क्या हुआ, बाबूजी?" मी म्हणालो, "कुछ नहीं." कोणाचा दोष धरू? शेड बांधणाऱ्यांना खाली काय आहे हे माहीत नव्हतं, कारण ते कोणाला माहीत असू नये अशीच व्यवस्था होती. माहीत असलेला एकच माणूस बाहेर उभा होता. तिवारीजींनी दुसऱ्याच दिवशी पाणी वळवलं. ते मनापासून दिलगीर होते. गेंदाबाई तारेशी आली तेव्हा मी म्हणालो, "मैया ठीक है." ती पुडी न देताच, पदरात परत खोचून गेली.

आता मी निवृत्तीला आलो आहे. गुडघे टेकडीला कुरकुरतात. खात्यातल्या दोघा तरुणांना विचारलं, त्यांनी अटी ऐकल्या आणि दुसरीकडे बदली मागितली. त्यात मी त्यांना नावं ठेवत नाही. तिवारीजींनीच मग वाट काढली. म्हणाले, "आपकी बिटिया यहीं की पैदाइश है, पढ़ाई भी यही है. परिवार को सब जानते हैं. उसका नाम दे दीजिए, मैं करवा दूँगा." चेहरा गळून पडल्याच्या पुढच्याच आठवड्यातली ही गोष्ट. मी तुला न विचारता नाव दिलं. मला वाटलं, उरलेल्या सहा जणींना कोणीतरी हवं. दोन्हीकडून होकार आला आहे, खात्यातही जागा आहे. तुझ्या आईला कळलं आणि तिने तुझी खोली धुऊन काढली, पलंग खिडकीशी सरकवला. इतक्या वर्षांत तिला इतकं हसताना मी पाहिलं नव्हतं.

म्हणून हे पत्र. आई तुला दोन दिवसांत लिहील की नोकरी घरी चालून आली आहे, बाबांचं वय झालं आहे, ये. मी तुला ओळखतो. तू माझ्यासाठी येशील, आणि आल्यावर त्या सात जणींसाठी राहशील, आणि कोणी तुला कधी अडवून ठेवलं असं तुलाही म्हणता येणार नाही. विभा, तू येऊ नकोस. काल मी तिवारीजींकडे जाऊन तुझं नाव काढून घेतलं. त्यांनी विचारलं, "फिर आपके बाद कौन आएगा?" मी म्हणालो, कोणी नाही. हे म्हणताना मला काय झालं ते इथे लिहीत नाही. माझ्यानंतर फाटक बंद होईल, त्या जितक्या टिकतील तितक्या टिकतील. आईला मी हे पत्र पेटीत टाकून आल्यावर सांगणार आहे. ती रडेल, आणि कदाचित तरीही तुला ये म्हणून लिहील. तिला प्रेमाने उत्तर पाठव आणि नाही म्हण. तुझं काम उघड्या शेतात आहे, गावातलं कोणीही बांधावर उभं राहून बघू शकतं, आणि एखादा चांगला दिवस आला तर तुला तो रात्री घरी सांगता येतो. तिथेच राहा. मे महिन्यात चार दिवस ये, आईच्या हातचं खा, माझ्याशी भांड, आणि परत जा.

तुझी वाट पाहणारा, तरीही तुला थांबवून न घेणारा, तुझाच
बाबा