निळ्या तंबूत कोण राहतं

५ डिसेंबर, शुक्र.
नितीनने बुकिंग करून टाकलं. विचारलं नाही, सांगितलं. पुढच्या शनिवारी धरणाकाठी कॅम्पिंग, तंबूत मुक्काम. "इराच्या वर्गातले सगळे जाऊन आलेत." सहा वर्षांची इरा सोफ्यावर उड्या मारतेय. मी म्हटलं थंडी आहे, तिला खोकला होईल.
खरं कारण न.ला माहीत आहे. लग्नाआधी मीच सांगितलं होतं. बारा वर्षांची होईपर्यंत दर हिवाळा द्राक्षबागेच्या बांधावर, प्लास्टिकच्या पालात. आई आणि दादा, म्हणजे वडील, बागेत मजुरीला, मी पालात धाकट्या भावाला, सोमाला, सांभाळत. तेव्हा ऐकून न.च्या डोळ्यांत पाणी आलं होतं. आता विसरला. की विसरल्यासारखं करतो, देव जाणे.

८ डिसें., सोम.
इरा: "मम्मी, तू लहानपणी तंबूत झोपलीस कधी?"
"नाही."
न.ने मोबाइलमधून मान वर केली, परत खाली घातली. मुलीला कशाला हे सगळं, असं तोच एकदा म्हणाला होता. आणि मी लगेच हो म्हटलं होतं. तेही लिहून ठेवते.

१३ डिसें., शनि.
दिंडोरी रस्ता. बागांच्या कडेने निळ्या प्लास्टिकची पालं. यातल्याच कुठल्या तरी पालात आमचा सोमा, बायकोपोरांसह, ऑक्टोबरच्या द्राक्षछाटणीपासून मुक्कामाला. इरा काचेला नाक लावून: "पप्पा, ते पण कॅम्पिंग करतायत!"
न. हसला. "हो ना, मज्जा आहे त्यांची."
मी पाण्याच्या बाटलीचं झाकण घट्ट करत बसले. घट्टच होतं.

तंबू लालभडक, आत गादी, बाहेर दिव्यांच्या माळा. पैसे मोजून गरिबी. संध्याकाळी वारा सुटला आणि आमच्या दोन खुंट्या उपटून आल्या. गाळाची माती, खुंटी धरेचना. मॅनेजर फोनवर. न. फोटो काढतोय. इरा रडकुंडीला. उठले. दगड शोधले, दोरी गुंडाळली, खड्डा करून पुरले, वर माती टाकून टाचेने दाबली. दादा असंच करायचे. हात थांबलेच नाहीत.
भाकरी करणारी बाई चुलीवरून बघत होती. जवळ आली. "बाई, असा दगड तं आमची लोकं पुरत्यात, बागंवर गेल्यावर. तुम्ही कुठल्या?"
"आम्ही नाशिकचेच."
ती चुलीकडे वळली. मग इराच्या ताटात नागलीची गरम भाकरी ठेवून निघून गेली. लाज वाटली. पालात राहताना कधी वाटली नव्हती इतकी.

१४ डिसें., रवि.
आमचा तंबू हलला नाही. शेजारचे दोन आडवे. न. ज्याला त्याला सांगतोय, "आमच्या मॅडम एक्स्पर्ट!" कुठे शिकल्या ते मात्र नाही.
निघताना त्या बाईला शोधलं. नव्हती. सापडली असती तर काय बोलणार होते, कुणास ठाऊक.
परतताना मी डोळे मिटून. इरा निळे तंबू मोजत होती. सतरा झाले म्हणाली.

१६ डिसें., मंगळ.
सोमाचा फोन. "ताई, तासाभराचा तं रस्ता हाय. पोरीला आण की एकदा. तिनं मामाचं बिऱ्हाड पाह्यलंच नाय."
"बघते." दरवर्षी हेच म्हणते. तो दरवर्षी "बरं" म्हणतो. चिडतही नाही मेला. चिडला असता तर भांडता तरी आलं असतं.

१८ डिसें., गुरु.
शाळेत चित्र द्यायचंय, 'माझी सहल'. इराने धरण काढलं, एक लाल तंबू, आणि रस्त्याकडेला निळेच निळे. लाल तंबूखाली स्वतःच नावं लिहिली: पप्पा, मम्मी, इरा. मग निळ्यावर बोट.
"मम्मी, इथे कोण राहतं? नाव लिही ना."
न. स्वयंपाकघरात होता. चहाचा कप बेसिनमध्ये ठेवता ठेवता थबकला. ऐकू येत होतं त्याला सगळं.
"खेळून ये, मग सांगते."
पेन्सिल माझ्या हातात कोंबून खाली पळाली. चित्र उद्या द्यायचं आहे. तासभर झाला. न. अजून आतच आहे, बाहेर आला नाही.
जिन्यात तिच्या चपला वाजताहेत.