चढावरचा सूड

१४ ऑक्टोबर
आजपासून रोजनिशी. कारण, सूड. सूड लिहून ठेवला नाही तर मी माणसाला क्षमा करून मोकळा होतो. स्वभावच तसा.

घटना अशी. सकाळी पावाची पेटी कॅरिअरला बांधून टेकडी चढत होतो. सांतियागोतले रस्ते ज्याने आखले, त्याच्या घरात सायकल नसावी. अर्ध्यावर थांबलो. दम लागला म्हणून नव्हे, तिथून समुद्र दिसतो. तेवढ्यात मागून योएल्विस आला. हाही पावच विकतो. भट्टी तीच, टेकडी तीच. उन्हाळ्यात त्याने सायकलला पाण्याच्या पंपाचं इंजिन बसवलं. तेव्हापासून मी वर पोचतो तेव्हा लोकांच्या तोंडात पाव असतो, त्याचा.

आज थांबला आणि म्हणाला, एलिओदोरो काका, दोर धरा. मी स्पष्ट नकार दिला. नकार देताना दोर हातात होता, एवढंच.

अख्ख्या टेकडीने पाहिलं. वर डॉमिनोच्या टेबलावरच्या रिकामटेकड्यांनी तिथल्या तिथे बारसं केलं: ट्रेलर. सोइला आजी तर तिला दात होते तेव्हापासून माझ्याकडून पाव घेते. ती विचारते, योएल्विस, ट्रेलरमध्ये काय भरून आणलंस रे?

संकल्प: माझ्याही सायकलला इंजिन. ३१ डिसेंबरच्या आत टेकडीवरचं एकूण एक गिऱ्हाईक परत. योएल्विस माझ्या मागे. माझ्या धुरात.

१६ ऑक्टोबर
चिचोकडे गेलो. गावातल्या निम्म्या सायकलींना इंजिनं त्याने लावली आहेत. त्याच्याकडे तीन होती. पंपाचं: जड, सोशिक, आवाज नाही. योएल्विसकडे तेच, म्हणून तत्त्वत: बाद. करवतीचं: किंचाळतं फार, ओढत काहीच नाही. माझ्या मेहुण्यासारखं. तिसरं डास मारायच्या फवारणी यंत्राचं, हलकं आणि तापट. आवडलं. कुठून आलं ते विचारलं नाही. आमच्याकडे इंजिनाला वडिलांचं नाव विचारत नाहीत.

चिचो म्हणाला, पंपाचं घे, हे फार बोंबलतं. मी म्हटलं, सूड मुक्याने घ्यायचा नसतो. त्याने खांदे उडवले. अशिक्षित माणूस.

१७ ऑक्टोबर
इंजिनाच्या बदल्यात बायकोचं, ओनेलियाचं, डुक्कर दिलं. फेब्रुवारीपासून ती त्याला ३१ डिसेंबरच्या जेवणासाठी पोसत होती. उष्ट्याबरोबर पेरूही घालायची. मला कधी घातले नाहीत. एका कुत्र्याने त्याचा डावा कान अर्धा तोडलेला, म्हणून तिचा जरा जास्तच जीव.

तिला समजावलं, ही गुंतवणूक आहे. वर्षअखेरीला याच्या दुप्पट डुक्कर दारात उभं करीन. ती म्हणाली, डुकराला घातलेलं निदान अंगाला तरी लागायचं. रोख कोणाकडे होता, कळलं नाही.

२५ ऑक्टोबर
इंजिन बसलं. टाकी म्हणून सरबताची प्लॅस्टिकची बाटली. आता प्रश्न मागच्या दातेरी चक्राचा. चक्र मोठं, तर सायकल चढते पण पळत नाही. लहान, तर पळते पण चढत नाही. चिचो म्हणाला, तुला टेकडी चढायची आहे, विमान उडवायचं नाही. मोठं लाव. योएल्विसने मोठंच लावलं आहे. म्हणजे भित्र्यांचं चक्र ते. मी सगळ्यांत लहान निवडलं.

संध्याकाळी बंदराच्या सपाट रस्त्यावर ट्रायल. काय स्पीड! एका घोडागाडीला मागे टाकलं. (घोडा उभा होता. पण ती त्याची अडचण.)

२८ ऑक्टोबर
पहिल्याच वळणावर इंजिन बंद. दोष पेट्रोलमध्ये ऑइल कमी पडल्याचा, चक्राचा नाही. इंजिनासकट सायकल ढकलत नेली. इंजिन नव्हतं तेव्हा बरीच हलकी होती, हे आज लक्षात आलं. पुढचं नोंद करण्यासारखं नाही. दोर तोच होता.

६ नोव्हेंबर
सर्वांत मोठं चक्र बसवलं, जेवणाच्या ताटाएवढं. चिचो म्हणाला म्हणून नाही. मी स्वतंत्रपणे त्याच निष्कर्षाला आलो.

चढली! खालपासून वरपर्यंत, एका दमात. इंजिन पूर्ण ताकदीने बोंबलतं आणि सायकल, खरं सांगायचं तर, चर्चमधून परतणाऱ्या म्हातारीच्या चालीने चालते. ओनेलिया विचारते, इंजिन एवढं ओरडतंय ते मदतीसाठी का? दुर्लक्ष केलं. वेगाची गरजच नाही. योएल्विसच्या आधी निघायचं, बस्स. सूड म्हणजे लवकर उठणं.

११ नोव्हेंबर
आजचा दिवस सविस्तर लिहिलाच पाहिजे.

उजाडताना निघालो. इंजिन कडाडत होतं, मागे निळा धूर. वरच्या आळीत शिरलो आणि पाहतो तर दारं आपोआप उघडताहेत. माणसं बाहेर येताहेत, कडेवर पोरं, दोरीला कुत्री, हातात पोपटाचे पिंजरे. सोइला आजीला तर डोलखुर्चीसकट उचलून आणलं. माझे डोळे भरून आले. एवढं स्वागत! मी हात उंचावला.

सोइला आजी म्हणाली, मेल्यांनो, परवाच तर फवारून गेलात. डास तरी उठलेत का अजून?

मग कळलं. फवारणीवाले हेच यंत्र खांद्यावर घेऊन येतात, याच आवाजात, याच धुरात, घरोघर थांबत याच चालीने. ते आले की भांडी झाकायची, दारंखिडक्या लावायच्या आणि धूर बसेपर्यंत रस्त्यावर ताटकळायचं. ही शिस्त इथे पोरांना पाळण्यात लागते.

मी म्हटलं, फवारणी नाही, पाव. पेटी उघडली. सायलेन्सरचं तोंड नेमकं पेटीखाली येतं, हे चिचोने सांगायला हवं होतं. (सांगितलं होतं. पण ठासून नाही.) आजीने पाव हुंगला आणि म्हणाली, एलिओदोरो, याने डास नक्की मरतील, पण मला नातवाचं लग्न बघायचंय.

सगळी आळी रस्त्यावर, पोटात भूक, करायला काही नाही. आणि मागून योएल्विस आला, आवाज न करता. सायकलवरून उतरायच्या आत त्याची पेटी रिकामी.

परंतु नोंद करावी: तो मागून आला. माझ्या धुरातून. संकल्प शब्दश: पुरा.

२० नोव्हेंबर
आता फवारणी नाही हे टेकडीला पाठ झालं आहे. तरी माझा आवाज आला की लोक कॉफी चढवतात आणि दारात येतात, कारण मागोमाग योएल्विस असतो. ट्रेलर कोणी म्हणत नाही. आता डास म्हणतात. डास लहान असतो, पण स्वतंत्र असतो.

योएल्विस म्हणाला, काका, तुम्ही रोज असेच पुढे चला. तुमचा पाव माझ्या पेटीत टाका, वास लागायचा नाही, माझ्याबरोबर विकून देतो. मी म्हटलं, विचार करीन. संध्याकाळपर्यंत केला. म्हणजे माझा माल तो वाहणार. शत्रूला हमाल केलं!

१५ डिसेंबर
पावाचे जे पैसे मिळतात ते पेट्रोल पिऊन टाकतं. हे चक्र लावल्यापासून इंजिनाला योएल्विसच्या दुप्पट तहान. डुकराची सोय अजून नाही. ओनेलिया रोज सकाळी डुकराचं रिकामं खोपटं झाडते, एवढंच. तिला सांगितलं, सोळा दिवस म्हणजे पुष्कळ झाले. तिने माझ्या पायाखालचंही झाडून घेतलं.

३१ डिसेंबर
योएल्विसकडे जेवायला बोलावलं होतं. तुच्छता दाखवायला गेलो. ओनेलियाने डूल घातले होते. सायकल मुद्दाम त्याच्या दाराला लावली, सगळ्यांना दिसावी म्हणून.

अंगणात निखाऱ्यांवर अख्खं डुक्कर फिरत होतं. डावा कान अर्धा.

चिचोने ते योएल्विसला विकलं होतं. यंदा टेकडीवर पाव चांगला खपला, म्हणून परवडलं, असं योएल्विस म्हणाला. ओनेलियाने जवळ जाऊन डुकराचा तो कान पाहिला. मग योएल्विसच्या बायकोला म्हणाली, पेरू फार आवडायचे त्याला. मला काहीच म्हणाली नाही. काहीतरी म्हणायला हवं होतं.

मी ठरवलं, घासही घ्यायचा नाही. मग विचार केला, शत्रूची मालमत्ता नष्ट करणं हाही सूडच. तीनदा घेतलं. कातडं फार खमंग झालं होतं.

रात्री बाराला रिवाजाप्रमाणे सरत्या वर्षाची पीडा जावी म्हणून त्यांनी दारातून बादलीभर पाणी बाहेर फेकलं. सगळं इंजिनावर.

२ जानेवारी
इंजिन सुरू होत नाही. चिचो म्हणतो, आठवड्यात सुकेल, किंवा नाही सुकणार. योएल्विसने दोर आणला. मी स्पष्ट नकार दिला.

वरच्या आळीत पोचलो तर एकही दार उघडेना. आवाज नाही, तर पाव आलाय हे त्यांना कळणार कसं? योएल्विसने मागे वळून पाहिलं. म्हणाला, काका, दोन पेट्या भरलेल्या आहेत. तेवढा आवाज तोंडाने करा ना.

केला. दारं उघडली. सोइला आजी म्हणाली, हे इंजिन बरं आहे, वास येत नाही.

उद्यापासून घसा सांभाळायचा. थंड पाणी बंद.