निवडायचे राहिलेले फोटो

३ जून, मंगळवार

डिस्क गेली! लावली की आत टकटक होतं, पडद्यावर काही येत नाही. दुरुस्तीवाल्याने कानाशी धरून ऐकली, डॉक्टरसारखी. म्हणाला, "आशा ठेवू नका." लग्नाचे सगळे फोटो तिच्यात. छापलेला एकही नाही.

४ जून

फोटोग्राफरला फोन केला. तो उचलेपर्यंत जीव टांगणीला. त्याच्याकडे प्रत आहे — पण दुकान बंद करतोय, महिनाअखेरीला कॉम्प्युटर विकणार. "वहिनी, लग्न एका दुपारी लागलं आणि फोटो निवडायला तीन वर्षं! अल्बमचे पैसे तर तुम्ही तेव्हाच दिलेत. कुठले छापू, एवढंच सांगा."

तेवढंच तर राहिलं. दर वेळी मी आणि नवरा बसायचो, दर वेळी भांडून उठायचो. मला माझी मावशी हवी, डोळे मिटलेली असली तरी. त्याला त्याचे ऑफिसवाले हवेत, ओळीने उभे. शेवटी लॅपटॉप मिटायचा. पुढच्या रविवारी बघू!

८ जून, रविवार

बदली झाल्यापासून तो शनिवारी येतो, रविवारी जातो. हल्ली एक शनिवार सोडून. डिस्कचं आणि फोटोग्राफरचं सांगितलं तर म्हणाला, "बघतो." चहा अर्धा ठेवून उठला.

सासूबाईंनी त्यांचा अल्बम काढला. "वाळवीने अर्धा खाल्ला, पण तुझ्या सासऱ्यांचं नाक शाबूत आहे बघ. तुमचं लग्न मेलं डबीतल्या डबीत!"

एका फोटोत त्या भयंकर चिडलेल्या आहेत. आज असता तर कुणीतरी पुसून टाकला असता. छापला म्हणून राहिला.

'मेलं' हा शब्द दिवसभर डोक्यातून गेला नाही.

१२ जून

फोटोग्राफरचा निरोप — निवड अजून आली नाही. नवऱ्याला दोनदा फोन केला. मीटिंग.

१४ जून, शनिवार

तो आला नाही. पण निवड पाठवली! एकट्याने बसून केली. मी फोटोग्राफरच्या दुकानात जाऊन पाहिली. मावशी आहे. भाऊ वेडावाकडा नाचतोय, तोही आहे. ऑफिसवाले फक्त एकदा. सगळं माझ्या मनासारखं.

फोनवर म्हटलं, "भांडला नाहीस?"

"आता कशाला," म्हणाला.

किती बरं वाटायला हवं. मग का वाटत नाही? मी अशीच. चांगलं झालं तरी त्यात खोट शोधत बसते.

२७ जून, शुक्रवार

अल्बम आला. मांडीवर मावत नाही एवढा. सासूबाईंनी हात पुसून पहिलं पान उलटलं. मावशी आली तेव्हा त्या म्हणाल्या, "ही झोपली होती का गं?" दोघी हसलो.

एका पानावर मी कॅमेऱ्याकडे बघतेय आणि तो माझ्याकडे. हा फोटो कितीदा पाहिला असेल. लॅपटॉपवर भराभर सरकवताना त्याची नजर कधी दिसलीच नव्हती. त्या पानावर किती वेळ बसले कोण जाणे.

खोक्यात तळाशी आणखी एक अल्बम निघाला. हुबेहूब असाच. फोटोग्राफरला कळवलं, चुकून दोन आले. "चुकून नाही वहिनी, साहेबांनीच दोन सांगितले."

"एक माझ्यासाठी असणार," सासूबाई म्हणाल्या आणि स्वतःच्या खोलीत घेऊनही गेल्या.

२८ जून

तो आला. दारात बूट काढत होता, तेवढ्यात विचारलं, "दोन कशाला?"

वर न बघता म्हणाला, "एक तुझ्याकडे, एक माझ्याकडे. वेगळं होताना वाटणीत भांडण नको."

सासूबाईंनी खोलीला आतून कडी घातली आहे. दुसरा अल्बम आत आहे. तो दार वाजवतोय.