छायाची खोली

प्रिय आचल,

पत्र पाहून घाबरू नकोस, घरी सगळं ठीक आहे. फोनवर बोलता आलं असतं, पण आपल्या घरी फोन नेहमी स्पीकरवर असतो आणि तुझी आई शेजारीच बसलेली असते. हे मला तिच्यासमोर नीट सांगता आलं नसतं.

पहिली बातमी अशी की दुरुस्तीच्या कामासाठी नव्या गॅरेजचं नक्की झालं. घराला लागून नाही, वेगळं. घरामागच्या मोकळ्या जागेत, घरापासून तीस फूट दूर. एवढं दूर कशाला, असं सगळे विचारतात. तुलाही आम्ही तेव्हा सांगितलं नव्हतं. चार वर्षांपूर्वी, वेचणी संपत आली होती आणि बैठकीत कापूस भरलेला होता. मी छपरीत बसून ग्राइंडरवर नांगराचा फाळ घासत होतो. एक ठिणगी दारातून आत गेली. मला कळलंही नाही. तुझ्या आईला वास आला. तिने ओलं पोतं टाकलं, वरून बादल्या ओतल्या, पेटलेला कापूस हातांनी ओढून अंगणात आणला. घर वाचलं. त्या दिवशी मी शब्द दिला की काम घराबाहेर नेतो. मग दरवर्षी पुढच्या वर्षावर ढकलत राहिलो. तिने एकदाही आठवण करून दिली नाही, म्हणून मनाला जास्त लागतं.

या वर्षी मी कॅलेंडरच्या मागच्या बाजूला नकाशा काढला. तीस बाय वीस, वर टिनाचे पत्रे, ट्रॅक्टरखाली उतरायला मधोमध खड्डा. जळालेल्या मोटरींत नवी तार भरायच्या वाइंडिंगसाठी कोपऱ्यात एक टेबल. मोठ्या ऐटीत तुझ्या आईला दाखवला. तिने पाहिला आणि पोळ्या करायला निघून गेली. दुसऱ्या दिवशी मी बेअरिंग आणायला वर्ध्याला गेलो. परत येऊन बघतो तर मागच्या जागेत फक्कीच्या पांढऱ्या रेघा. माझं गॅरेज तिने आडवं फिरवलं होतं. दार पश्चिमेचं काढून पूर्वेला नेलं होतं आणि एका टोकाला दहा बाय दहाची वेगळी खोली आखली होती. मी म्हणालो, हे काय? तर म्हणते, "ट्रॅक्टर कुठून येते अन् कुठी वळते, हे कॅलेंडरवर दिसत नाई. अन् पश्चिमेच्या दारात मे महिन्यात तुम्ही दुपारी काम करसान काय?"

मला थोडा राग आला होता, खोटं कशाला सांगू. मी अण्णाजींना ट्रॅक्टर ट्रॉलीसकट आणायला लावला. आपल्याकडे पंधरा वर्षांपासून येतात ते. आधी माझ्या नकाशाप्रमाणे वळवून पाहिला. ट्रॉली कुंपणात गेली. मग आईच्या रेघांवरून वळवला. एका झटक्यात आत आणि सरळ बाहेर. अण्णाजी हसले. मी पण हसलो, काय करणार.

बंडूजी मिस्त्री आले तेव्हा दुसरी गंमत. ते म्हणाले, चार फूट पाया भरपूर होईल. आई तिथेच उभी होती. म्हणाली, काळी माती उन्हाळ्यात फाटते अन् पावसाळ्यात फुगते, मुरूम लागेपर्यंत खणा. बंडूजींना ते आवडलं नाही, पण एका कोपऱ्यात खणून पाहिलं. साडेपाच फुटांवर मुरूम लागला. मग ते मुकाट्याने टेपवर नवीन मापं घेऊ लागले, आणि मापं घेता घेता त्या छोट्या खोलीपाशी थांबले. तिला उत्तरेची मोठी खिडकी, गॅरेजच्या बाजूने पक्की भिंत, दार वेगळं. त्यांनी मला विचारलं, "कैलासभाऊ, वहिनीले ही खोली कायले पायजे? सामान ठेवाले?"

बेटा, इथे मी अडकलो. अण्णाजी बाजूला उभे होते. आई चहा आणायला आत गेली होती. हो म्हटलं असतं तर विषय तिथेच संपला असता. बावीस वर्षं मी असाच विषय संपवत आलो होतो.

मी सांगितलं, वाइंडिंग ती करते. ग्राइंडरची लोखंडी धूळ तारेत गेली की मोटर जळते, म्हणून मधे भिंत. बारीक तार दिवसभर एकसारख्या उजेडात दिसली पाहिजे, म्हणून उत्तरेची खिडकी.

बंडूजींनी टेप खाली ठेवला. खरी गोष्ट अशी आहे की दुकान टाकलं त्या पहिल्या वर्षी मी भरलेल्या दोन मोटरी आठवड्यात जळल्या. माझी बोटं जाड, तारेचे आटे मोजताना चुकायचो, तार ओढताना तिच्यावरचा इनॅमलचा लेप खरवडायचो. तू तेव्हा पाळण्यात होतीस. तिसरी मोटर आईने दुपारी तुला झोपवून उघडली. जुनी तार एकेक आटा मोजत काढली, मोजणी तुझ्या लसीकरणाच्या कार्डावर लिहिली, आणि तशीच नवी भरली. ती मोटर अकरा वर्षं चालली. तेव्हापासून आपल्या दुकानातली प्रत्येक मोटर तिने, तू शाळेत असताना किंवा झोपल्यावर, आतल्या खोलीत भरली आणि मी बाहेर आणून दिली. लांबच्या गिरडपासून लोक यायचे. कैलासभाऊची वाइंडिंग जळत नाही, म्हणायचे. मी मान हलवायचो. कोणी विचारलंच नाही, मग मी खोटं कुठे बोललो, अशी स्वतःची समजूत घालायचो.

आई चहा घेऊन आली. अण्णाजींनी कप हातात घेतला आणि म्हणाले, "वहिनी, माह्या विहिरीवरची मोटर आठ वर्षांपासून चालून राह्यली. मले आज समजलं." मला वाटलं तिला भरून येईल. ती म्हणाली, "विहिरीतलं पाणी खाली गेलं की बंद करत जा. कोरडी चालवू नोका तिले." एवढंच. पण कप परत नेताना तिची चाल मी पाहिली. लग्नात वरमाला घेऊन आली होती तेव्हाही इतकी ताठ चालली नव्हती.

संध्याकाळी मी तिची माफी मागितली. ती जेवण वाढत होती. म्हणाली, "सांगतलं ना तुम्ही आता. झालं मंग." आणि मला भाजी वाढली. ग्रामपंचायतीच्या परवानगीचा अर्ज आता तिच्या नावाने दिला आहे. सहीच्या जागी तिने पूर्ण नाव लिहिलं, हळूहळू, एकेक अक्षर. पाटीवरही तिचंच, छाया हेच नाव असेल. त्यावर ती नाही म्हणते आहे, पण जोर लावून नाही.

आता हे सगळं तुला पत्रात का लिहितो आहे, ते सांगतो. नववीत तू 'माझे बाबा' हा निबंध लिहिला होतास. स्नेहसंमेलनात मॅडमनी तो तुला माईकवर वाचायला लावला. माझ्या बाबांच्या हातात जादू आहे, त्यांनी भरलेली मोटर कधी जळत नाही, असं तू वाचत होतीस. मी पुढच्या रांगेत बसून ते ऐकलं आणि लोकांचे नमस्कार घेतले. तुझी आई माझ्या शेजारी बसली होती. सगळ्यांच्या आधी तिने टाळी वाजवली, आणि घरी येताना तुला म्हणाली, छान लिहिलंस, तुझ्या बाबांना किती आनंद झाला. बंडूजींना सांगितलं, अण्णाजींना सांगितलं, आता गावाला कळेलच. पण माझ्यावर सगळ्यात जास्त विश्वास तू ठेवलास. गावातून कानावर येण्याआधी ते तुला माझ्याच हाताने कळावं, म्हणून लिहिलं. येत्या रविवारी पायाची पूजा आहे. पहिली कुदळ आई मारणार आहे. रजा मिळाली तर ये, आणि त्या दिवशी तिच्या शेजारी तू उभी राहा. मी मागे उभा राहीन.

तुझेच,
बाबा
आंजी (मोठी)