चरकाची पाचर

बाबा, काल मी तुमची सही पाहिली. लंडनमधल्या जुन्या सरकारी दप्तरांच्या लायब्ररीत, मुंबई इलाख्यातल्या अर्जांचं एक जाडजूड बाड मागवलं होतं. पुठ्ठ्याच्या आत एक कागद चिकटवलेला असतो. ज्याने बाड मागवलं त्याने नाव आणि तारीख लिहायची. त्यावर एकच नाव होतं आणि त्याखाली तुमची ती दुहेरी रेघ. तुम्ही जाऊन अकरा वर्षं झाली. तुमचं अक्षर बघून मला आधी आनंदच झाला, म्हणजे बघा. मी वेड्यासारखी त्या रेघेवरून बोट फिरवत बसले. मग बाड उघडलं.

लेस्टरचं आपलं स्वयंपाकघर अजून डोळ्यांसमोर आहे. टेबलावर तुम्ही आईची दोन लाटणी उभी धरून बसला आहात, मी मागच्या बागेतल्या रुबार्बचा दांडा त्यांच्या मधून सरकवतेय, आणि आई ओरडतेय, "अहो, लाटणी द्या इकडे, मला पोळ्या करायच्यात!" हा आपला उसाचा चरक. "जाड ऊस आला की चरक अडायचा, बैल थांबायचे," तुम्ही सांगायचात. "तुझ्या खापरपणजोबांनी काय केलं, तर लाटेच्या, म्हणजे ऊस दाबणाऱ्या उभ्या रुळाच्या, बुडाशी लोखंडी पाचर बसवली. ठोकली की फट कमी, सैल केली की जास्त. बास, एवढंच! पण तेवढंच कुणाला सुचलं नव्हतं." पाचरीच्या जागी तुम्ही कपड्यांचा चिमटा लावायचात. मग आवाज खाली यायचा. एका साहेबाने ती पाचर पाहिली, चित्र काढून नेलं आणि स्वतःच्या नावावर पेटंट करून घेतलं. पुरावा कुठे आहे असं मी विचारलं की तुम्ही म्हणायचात, "त्यांच्याच कपाटात. लंडनला."

ती गोष्ट मी कुठे कुठे नाही सांगितली! मंडळाच्या गणपतीत, साडी नीट नेसता येत नसताना, स्टेजवर उभी राहून सांगितली. इतिहासाच्या तासाला सांगितली तेव्हा टीचर हसून म्हणाल्या, "अँड हू टोल्ड यू दॅट?" मी म्हटलं, "माय फादर," आणि इतकी भांडले की वर्गाबाहेर काढलं. घरी तुम्ही ओरडाल असं वाटलं होतं. तुम्ही पाठ थोपटलीत. आपल्या ओळखीतली मुलं डॉक्टर झाली, बेसिंगस्टोकला कॉम्प्युटरमध्ये गेली. मी मात्र जुनी पेटंट शोधण्याच्या नोकरीला लागले. कुणी नवा शोध घेऊन आलं की तो आधी कुणी लावला होता का, ते धुंडाळायचं. रोज स्टॅनमोरहून ट्रेनने जाते ती तुमच्या त्या साहेबाला पकडायलाच, असं मी कित्येकदा थट्टेत म्हटलंय. थट्टा कसली, खरंच होतं ते.

काल निमित्त झालं एका क्लायंटच्या फळांचा रस काढायच्या यंत्राचं. त्यातही पाचर होती. मी जुन्यात जुने अर्ज मागवले, आणि तिथे तुमचा चरक होता. तीन लाटा, पाचर, सगळं. अर्जदार कुणी साहेब नव्हता. आपलं आडनाव, आपलं गाव, खापरपणजोबांचं पूर्ण नाव. त्या काळी पेटंटला 'प्रिव्हिलेज' म्हणत. ते आपल्याच माणसाला मिळालं होतं. मागच्या पानावर एक तक्रार होती. गावच्या लोहाराची, कुणा कारकुनाने इंग्रजी करून लिहिलेली, खाली अंगठा. पाचर माझी आहे, त्याचं म्हणणं. माझ्या भट्टीत मी तीन पाचरी मोडल्या तेव्हा चौथी जमली, पाटील फक्त बघायला यायचे. आणि त्याखाली पाटलांचं, म्हणजे आपलं, उत्तर. लोहार हा गावचा बलुतेदार आहे, सुगीला त्याला धान्य मिळतं, तेव्हा त्याच्या हातून जे घडतं ते आमचंच आहे. साहेब होता, पण तो फक्त शेवटी, मंजुरीची सही करणारा.

तुमच्या सहीपुढची तारीख मी दोनदा वाचली. मी चौदा वर्षांची होते, ईस्टरच्या सुट्टीत आपण लंडनला आलो होतो. आईला आणि मला म्युझियममध्ये डायनॉसोरपाशी सोडून तुम्ही "एक काम आहे" म्हणून गेलात आणि बंद व्हायच्या वेळेला परत आलात. हातात माझ्यासाठी पितळी कंपास होता. "तुझ्या कामाला येईल," म्हणालात. तो अजून माझ्या ऑफिसच्या टेबलावर आहे. म्हणजे तुम्ही ते सगळं वाचलंत, मग दुकानात जाऊन कंपास घेतलात, आणि त्याच वर्षी गणपतीत मला पुन्हा स्टेजवर उभं केलंत. पहिल्या रांगेत बसून टाळ्या वाजवल्यात. बाबा, टाळ्या!

संध्याकाळी आईला फोन केला. सहीची तारीख वाचून दाखवली. ती म्हणाली, "लंडनहून आल्यावर दोन दिवस जेवले नव्हते गं ते."

"मग मला का नाही सांगितलं?"

"काय सांगणार? त्याच्या आधीच्या विंटरमध्येच फॅक्टरीत त्यांनी शोधलेला दोऱ्याचा गाइड, मशिनमध्ये दोरा नीट सोडणारा तो भाग, फोरमनने आपल्या नावावर पेटंट केला होता. हे भांडायला गेले, तर तो म्हणाला, 'यू आर ऑन वेजेस, आरन्ट यू?' तुला कळू द्यायचं नाही, अशी शपथ घातली होती मला."

मोज्यांची मशिन बनवणाऱ्या त्या कारखान्यात तुम्ही वीस वर्षं हत्यारं घडवलीत, आणि हे मला आत्ता, तुमच्या माघारी, फोनवर कळतं. फोरमन जे बोलला तेच पाटलांनी लिहून ठेवलं होतं. ते तुम्ही आधी कानाने ऐकलंत आणि मग त्या बाडात वाचलंत. तेव्हा तुम्हाला काय वाटलं असेल ते मला कळतं हो, अगदी कळतं. पण राग त्याने जात नाही. तुमच्यावर झालेला अन्याय खरा होता. तो सांगितला असतात, तर मी त्यासाठीही वर्गाबाहेर गेले असते. तो लपवलात आणि खोटा माझ्या हातात दिलात. मी त्याच्यावर माझं अख्खं आयुष्य उभं केलं. तुम्ही मला फसवलंत, बाबा. आणि त्या लोहाराला आपण दुसऱ्यांदा लुबाडलं. दुसऱ्या वेळी तर मीही तुमच्यासोबत होते.

हे पत्र पाठवायला पत्ता नाही, ते बरंच आहे, कारण आज सकाळी जे झालं ते मला कुणाला कळायला नको आहे. माझी मुलगी सात वर्षांची आहे. शाळेत घरातल्या कुणाबद्दल तरी सांगायचंय म्हणून तिने लाटणी काढली. आजोबांची गोष्ट तिला माझ्या आईने कधीच शिकवून ठेवली आहे. रुबार्ब नव्हता, आम्ही सेलरीचा दांडा घेतला. पाचरीपर्यंत आलो तेव्हा तिने मान वर करून विचारलं, "मग ती कोणी चोरली, मम्मी?"

लोहाराचं नाव मला आता पाठ आहे. जिभेवर आलं होतं.

"एक साहेब होता," मी म्हटलं.